गुलाबदाणीवरचा तांबडा ठिपका

श्रावण आला की आमच्या आळीतल्या बायकांना पत्री आठवते, केवडा आठवतो, माहेर तर आठवतंच. मला गंज आठवतो. यात कौतुक करण्यासारखं काही नाही, पण खरं तेच सांगायला बसले आहे. कल्याणला खाडी उशाशी, त्यामुळे आषाढ सरता सरता घरात कोरडं असं काही उरत नाही. दारं फुगून चौकटीत अडकतात, मिठाच्या बरणीत तळाशी पाणी सुटतं, पापड हातात धरला तर घडी घालता येईल इतका मऊ पडतो. अशा एखाद्या सकाळी मी फडताळ उघडते, मागे ठेवलेलं जुनेराचं गाठोडं सोडते आणि आतली गुलाबदाणी दारातल्या उजेडात धरून फिरवते. मान संपून पोट सुरू होतं तिथे बघायचं असतं. यंदाही ठिपका आहेच. तिळाएवढा, तांबडा.

मग मी खोबरेलाची वाटी घेऊन ओटीवर येऊन बसते. घासायला नव्हे. ही वस्तू घासायची नसते, आणि हे मी इतक्या जणींना इतक्या वेळा सांगितलं आहे की आळीत त्यावरून माझी नक्कल करतात. आपल्या बायकांना भांडं दिसलं की चिंच आठवते. चिंचेचा कोळ, चुलीतली राख, आणि डाग फारच हट्टी असला तर विटेची पूड. पितळ त्याने लखलखतं, तांबं उजळतं. पण ज्याच्या अंगावर नुसता मुलामा आहे त्याला ही माया सोसत नाही. त्याला तेल लावून स्वस्थ ठेवावं लागतं. बोटाने एक थेंब ठिपक्यावर टेकवायचा आणि दुपारपर्यंत त्याच्याकडे बघायचं नाही. गंज तेलात भिजून सैल होतो. मग जुन्या लुगड्याचा तुकडा बोटाला गुंडाळून एकाच दिशेने अलगद पुसला की निम्मा कापडावर येतो. उरलेल्यासाठी पुन्हा तेल आणि पुन्हा वाट बघणं. तरीही हटला नाही तर वस्त्रगाळ केलेली शेणीची राख, चिमूटभर, तीसुद्धा तेलात कालवून. जोर लावायचा नाही. शेवटी चुलीच्या उबेला धरून सांधे वाळवायचे आणि गार झाल्यावर वरून तेलाचा हात फिरवायचा. हल्ली घासलेट आलं आहे, त्याने गंज पटकन सुटतो म्हणतात, पण गुलाबपाण्याच्या भांड्याला तो वास मला नको वाटतो.

हे सारं मला कुणी शिकवलं नाही. शिकायचं तर कुणाला तरी विचारावं लागलं असतं, आणि विचारायचीच तर चोरी होती.

माझं माहेर ठाण्याचं, तळ्याकाठचं. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते कचेरीत कारकून होते. पगडी कधी तिरकी दिसायची नाही, बोलणं मोजकं, आणि शेजारपाजारचे तंटे मिटवायला लोक त्यांच्याच ओटीवर यायचे. मुलींना शिकवायची रीत नव्हती तेव्हा त्यांनी मला पाटीवर धुळाक्षरं गिरवायला शिकवली, आईची बोलणी खाऊन शिकवली. खोटं बोलू नये असं त्यांनी मला वेगळं सांगितल्याचं आठवत नाही. घरात ते कुणी बोलायचंच नाही, तर सांगायचं कशाला.

सासर कल्याणचं. भातशेती, खाडीकडे थोडी मिठागरं आणि आळीत मान. लग्न ठरताना त्यांनी फारसं काही मागितलं नाही. मामंजी एवढंच म्हणाले की आमच्याकडे बारा महिने पाहुण्यांचा राबता, तेव्हा चांदीची एक गुलाबदाणी तेवढी द्या. आप्पा हो म्हणाले. माझ्या पाठीवर आणखी दोन बहिणी लग्नाच्या होत्या, ते मात्र त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. मांडवात गुलाबदाणी ताटातून आली तेव्हा मामंजींनी ती उचलून सगळ्यांदेखत हसत विचारलं, चांदीची ना? आप्पा म्हणाले, चांदीची. तो शब्द मी मुंडावळ्यांच्या आडून ऐकला. त्यात कान देऊन ऐकण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

वस्तू होती मात्र सुरेख. लांब मान, वर जाळीचं फूल, पोटावर वेलबुट्टी. सासूबाई आल्यागेल्याला ती काढून दाखवायच्या, आणि 'सुनेच्या माहेरची' म्हणताना त्यांचा आवाज जरा चढायचा. मी आत स्वयंपाकघरात असायची. ते ऐकलं की माझं लाटणं उगाच जोरात फिरायचं. नव्या सुनेला सासरी मिरवायला दुसरं असतं काय.

पहिल्याच श्रावणात, मंगळागौरीची भांडी काढताना, मला तो ठिपका दिसला. चांदी काळी पडते हे मला ठाऊक होतं. आईची निरांजनं दर चातुर्मासात काळवंडायची. पण हा रंग काळा नव्हता. हा रंग मी विहिरीच्या कडीवर पाहिला होता, आगगाडीच्या रुळांवर पाहिला होता. पदराने पुसला, गेला. दोन दिवसांनी बघते तर पुन्हा तिथेच. मग सगळी निजानीज झालेली पाहून, दुपारची, मी न्हाणीत जाऊन बसले आणि गुलाबदाणीच्या बुडाला, जिथे कुणी बघणार नाही अशा जागी, चिंच लावून नखाने घासून पाहिलं. पांढरं गेलं. खाली जरासं तांबूस दिसलं, आणि त्याच्याही खाली काळं. लोखंड. मी त्या नखाएवढ्या काळ्याकडे बघत बसले. राग आला नाही. आप्पांची पगडी भर बाजारात चिखलात पडली आहे आणि ती बघणारी मी एकटीच आहे, असं काहीसं वाटलं. चिंचेने आंबलेले हात मी कितीतरी वेळ धूत राहिले.

आप्पांना दुकानदाराने फसवलं असेल, हा आधार मला काही महिने पुरला. त्यांच्यासारखा सरळ माणूस मुंबईच्या बाजारात गेला, त्याला काय कळणार, असं मी स्वतःला समजावायची. मग दिवाळीला ते भाऊबीजेचं बोलावणं घेऊन आमच्याकडे आले. व्याही घरी आले म्हणून मामंजींनी गुलाबदाणी मागवली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. आप्पांच्या खांद्यावर पांढरंशुभ्र उपरणं होतं. सणाच्या गडबडीत मला भांडं आतून वाळवायला जमलं नव्हतं. उपरण्यावर बारीक तांबूस थेंब उमटले. मी दाराआडून पाहत होते. आप्पांची मान खाली गेली, त्यांनी ते थेंब पाहिले, आणि काही झालंच नाही अशा बेताने उपरणं काढून, थेंब आतल्या बाजूला जातील अशी घडी घालून मांडीवर ठेवलं. फसवला गेलेला माणूस आश्चर्याने बघतो, बोटाने चाचपतो. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं. त्या घडीने माझा आधार काढून घेतला.

त्या दिवसापासून आम्ही दोघं एकच वस्तू झाकत होतो आणि एकमेकांपासूनही झाकत होतो. ते आले की फडताळाकडे पाठ करून बसायचे. मी पाणी नेऊन द्यायची, आई कशी आहे विचारायची, आणि त्यांच्या पगडीकडे बघून बोलायची. मला त्यांची लाज वाटायची. आपल्याला आपल्याच बापाची लाज वाटते, याची त्याहून जास्त वाटायची.

माझी खरी पंचाईत झाली ती आमच्या आळीच्या चांगुलपणाने. आमच्याकडे एका घरची वस्तू एकट्या घराची नसते. कुणाकडे मुंज निघाली, हळदीकुंकू निघालं की मोठी समई एका घरून येते, परात दुसऱ्या घरून, आणि गुलाबदाणी आमच्याकडून. मागायला संकोच नाही, द्यायला आढेवेढे नाहीत. एकच शिस्त, की आणलेली वस्तू घासल्याशिवाय परत करायची नाही. उसनं भांडं जसंच्या तसं परत धाडलं तर त्या घरच्या बाईला वळण नाही म्हणतात. जितकी बाई चांगल्या वळणाची तितकी तिची चिंच जास्त आणि तितका हात जड. म्हणजे आळीतली प्रत्येक गुणी बाई माझ्या वडिलांच्या अब्रूवर विटेची पूड घेऊन बसणार होती, आणि तीसुद्धा केवळ सौजन्य म्हणून.

त्यावर मी तोड काढली. गुलाबदाणी गेली की कार्य आटोपता आटोपता मी स्वतः त्या घरी हजर व्हायची. राहू दे हो, तुम्ही दमलात, मी घरीच घासेन, म्हणत ती जवळजवळ हिसकावून आणायची. आधी बायकांना वाटलं, सून कामसू आहे. मग वाटायला लागलं, सून चिकट आहे. हिचा जीव माहेरच्या चांदीत अडकलाय, आपल्या हातात दोन घटका ठेवायला तयार नाही, अशी कुजबुज माझ्या कानावर आली. एकदा विहिरीवर एकीने तोंडावरच विचारलं, रात्री उशाशी घेऊन निजतेस का गं? सगळ्या हसल्या, मीही हसले. मला कंजूष म्हटलेलं चालणार होतं. एका शब्दाने मी त्यांचं तोंड बंद करू शकले असते, आणि तो शब्द माझ्या तोंडून निघू नये म्हणून तर सगळा आटापिटा होता.

ज्या श्रावणाबद्दल मला सांगायचं आहे तो यानंतरचा. पाऊस त्या वर्षी श्रावणाच्या रिवाजाने पडला नाही. ऊन डोकावायचंच नाही. खाडीचं पाणी भातखाचरांत शिरलं होतं आणि घराघरात माणसं हिवतापाने पडली होती. मीही पडले. कोयनेलीची पूड मधातून घ्यायची, अंगावर घरातल्या साऱ्या गोधड्या घालायच्या, आणि तरी दात वाजत राहायचे. त्याच तापात मी माजघरातून ऐकलं की शेजारच्या विठाकाकूंच्या लेकीची, चिमीची, पहिली मंगळागौर आहे आणि काकू गुलाबदाणी मागायला आल्या आहेत. मी उठून बसले आणि सासूबाईंना म्हणाले, उद्या मीच जाऊन घेऊन येईन. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, आधी हे उतरू दे, काकू काय खाऊन टाकणार आहेत का ती?

विठाकाकूंचे यजमान भिक्षुकी करायचे. घरात चारच भांडी, पण ती अशी की त्यांचा तांब्या अंगणात ठेवला तर डोळे दिपावेत. वळणाच्या बाबतीत आळीत त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. मी गोधडीखाली डोळे मिटून त्यांचा तो कामाचा उजवा हात डोळ्यांपुढे आणत राहिले.

मंगळागौर झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले. माझ्या तापाचं कळल्यावर कचेरीतून रजा काढून, कळव्याची खाडी ओलांडून, मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालणाऱ्या त्या गाडीने भिजत आले. मला बघून गेले, औषधाची चौकशी केली आणि ओसरीवर सुपारी कातरत बसले. माजघराचं दार उघडं होतं. मला अंथरुणातून त्यांची पाठ आणि पगडी दिसत होती. अडकित्त्याचा बारीक आवाज येत होता आणि त्याने मला बरं वाटत होतं.

एवढ्यात मागल्या दाराने विठाकाकू आल्या. ओसरीवर कोण बसलं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पदराखाली काहीतरी धरलेलं होतं, ते त्यांनी सासूबाईंपुढे ठेवलं आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या. गुलाबदाणी होती. वेलबुट्टी जागच्या जागी, पण पोट एका अंगाने काळंकुट्ट झालेलं आणि रात्रीत त्यावर तांबडी लव धरलेली.

"वहिनी, माझ्या हाताला काय झालं कळत नाही," काकू म्हणाल्या. "चिंचच लावली हो, दुसरं काही नाही. घासता घासता चांदीच गेली. माझंच सोवळ्यात काही चुकलं असणार, गौर कोपली."

सासूबाई भांडं हातात घेऊन नुसत्याच फिरवत होत्या. त्यांनाही काही उलगडत नव्हतं. काकूंनी पदराची गाठ सोडली. आत चिमीचे तोडे होते, लग्नात घातलेले, त्या घरातली तेवढीच काय ती चांदी. म्हणाल्या, हे वितळवून पुन्हा घडवून घ्या, चिमीच्या सासरी काय सांगायचं ते मी बघेन. चिंचेने सोलवटलेली बोटं त्यांनी लुगड्यात लपवली.

ओसरीवरचा अडकित्ता थांबला होता.

मी वाट पाहिली. हे मला नीट सांगायचं आहे. मी आप्पांच्या पाठीकडे बघत होते आणि वाट पाहत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. वळून, दारापाशी येऊन दोन शब्द बोलायचा अवकाश होता. पागोळ्यांचं पाणी पन्हळीतून पडत होतं, काकू तोडे पुढे सरकवत होत्या, सासूबाईंचा हात ते घ्यावेत की नाही अशा बेतात अर्धवट पुढे आला होता. आणि ती पाठ वळली नाही.

"काकू, तोडे बांधून ठेवा," मी म्हणाले. "चांदीला गंज चढत नाही. ती लोखंडाची आहे. पहिल्यापासून."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, आणि मग उघड्या दारातून त्यांना ती पगडी दिसली. त्यांनी घाईघाईने तोडे पदरात घेतले आणि मान खाली घालून मागच्या दाराने निघून गेल्या. मला ताप होता म्हणून मी बरळले, असंही म्हणायला जागा होती. सासूबाईंनी ती जागा घेतली नाही. त्यांनी गुलाबदाणी फडताळात ठेवली, दार लावलं, आणि भिंतीकडे तोंड करून, ओसरीवर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, व्याह्यांना म्हणावं पानं वाढली आहेत, जेवून जावं.

आप्पा जेवले नाहीत. कचेरीत काम आहे म्हणाले, रजा काढून आलेला माणूस. माझ्या दारापाशी येऊन उभे राहिले, पगडी सारखी केली, आणि औषध वेळेवर घे म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. नंतर ध्यानात आलं की छत्री कोपऱ्यातच राहिली आहे आणि बाहेर पाऊस ओतत होता. सासूबाईंनी ती मिटवून दाराआड टांगली. तिच्या टोकाशी जमिनीवर पाणी साचलं होतं, ते मी तापातल्या डोळ्यांनी बघत राहिले.

मामंजी रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. फक्त जेवताना ठाण्याच्या व्याह्यांची जी मधूनमधून थट्टा चालायची ती बंद झाली, आणि त्या थट्टेत किती माया होती हे मला ती बंद झाल्यावर कळलं. सासूबाई चार-आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मग एके सकाळी पेजेची वाटी पुढे करताना म्हणाल्या, "तू सांगितलंस ते बरं केलंस. त्यांनी सांगितलं असतं तर आणखी बरं झालं असतं."

याहून कडक शब्द मला आयुष्यात कुणी बोललेला नाही. शिवी दिली असती तर मी मनातल्या मनात आप्पांची बाजू घेतली असती. हे खरंच होतं, त्यामुळे माझ्यापाशी बाजूच उरली नाही. विठाकाकूंना मी सोडवलं होतं, त्याबद्दल मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही आणि आजही नाही. पण बापाने राखायची ती अब्रू मी राखत होते, आणि बापाने सोडायची तीही मीच सोडली. हा घास मला गिळता येत नव्हता. रात्री नवऱ्याने विचारलं, एवढं मनाला का लावून घेतेस, तर मी दिवा बारीक करून कूस बदलली.

वर्षभर गुलाबदाणी कुणी मागायला आलं नाही. मीही तिला हात लावला नाही. झाकायचं कुणापासून आता? फडताळ उघडताना ती दिसायची, पोटावरचा तांबडा पट्टा रुंदावत चाललेला. आळीत बोललं जात होतंच. माझ्यापुढे बायका लोखंडाचा शब्दसुद्धा टाळायच्या, कढई म्हणायच्या ठिकाणी भांडं म्हणायच्या, आणि ते मला हसण्यापेक्षा जास्त लागायचं. ठाण्याहून निरोप यायचे, आईचे. आप्पांचा एकही नाही. दिवाळीला भाऊबीजेचं बोलावणं घेऊन चुलतभाऊ आला.

पुढच्या श्रावणात, ऊन पडलेल्या एका सकाळी, आप्पा आले. आत आले नाहीत. ओटीवरच बसले, रस्त्याकडे तोंड करून. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, ती गुलाबदाणी आण. मला वाटलं, परत न्यायला आले. आणून दिली. त्यांनी पगडी काढून बाजूला ठेवली. उघड्या डोक्याने त्यांना असं चारचौघांत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग धोतराचा सोगा ओढून ते गुलाबदाणीचं पोट जोराने पुसू लागले.

"आप्पा, कोरडं पुसू नका," मी म्हणाले. "चरे पडतात. आधी तेल लावायचं."

ते थांबले. मी वाटी आणली, बोटावर थेंब घेऊन कसा टेकवायचा ते दाखवलं, आणि ज्यांनी माझं बोट धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती ते तसंच मुकाट्याने करू लागले. तेल लावून झालं. आता दुपारपर्यंत थांबायचं, मी म्हणाले. थांबू, ते म्हणाले. आम्ही दोघं ओटीवर थांबलो, गुलाबदाणी मध्ये ठेवून. आळी जागी होती, येणारी जाणारी माणसं होती. कारकुनासारखा माणूस बायकांचं काम मांडून ओटीवर बसलेला, लोक बघणारच. आमच्या मिठागरावरचा एक म्हातारा गडी, ज्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो खांद्यावरचं ओझं सावरत थांबला आणि म्हणाला, "बरी सोबिवंत हाय. चांदीची हाय का?"

"लोखंडाची आहे," आप्पा म्हणाले. "मुलीच्या लग्नात मी दिली. चांदीची म्हणून दिली."

म्हातारा बरं म्हणाला आणि चालू लागला. त्याला त्याचं काय. पण त्याच्या मागून विठाकाकूंचे यजमान आले, त्यांनी काही विचारलं नाही, तरी आप्पांनी त्यांना थांबवून तेच सांगितलं, त्याच शब्दांत. काकू त्यांच्या दारात उभ्या होत्या. आप्पांनी बसल्या जागेवरून त्यांच्याकडे हात जोडले. काकू आत निघून गेल्या. माझी नजर ओटीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीतून वर उठत नव्हती. वाटत होतं, पुरे करा, आत चला, आणि वाटत होतं, थांबू नका.

दुपारी गंज सैल झाला. आप्पांनी पुसायला पुन्हा धोतराचा सोगा धरला तेव्हा मागे उंबरठ्यावर बांगड्या वाजल्या. सासूबाई दाराआड होत्या. त्यांनी जुन्या मऊ लुगड्याची चिंधी घडी करून ठेवली होती.

"म्हणावं, धोतर खरखरीत असतं," त्या आतूनच मला म्हणाल्या. "याने पुसा."

पुसता पुसता आप्पा हळूच म्हणाले की उपरण्यावरचे ते डाग अजून गेलेले नाहीत. मी म्हणाले, लिंबू आणि मीठ चोळून उन्हात टाका, जातील. राहू देत, ते म्हणाले. त्या दिवशी ते आमच्याकडे जेवून गेले. छत्री घेऊन गेले.

त्यानंतर ते असेपर्यंत दर श्रावणात येत राहिले. आता ते नाहीत, सासूबाई नाहीत, विठाकाकूही नाहीत. गुलाबदाणीच्या एका अंगाला मुलामा नाही, तिथे लोखंड उघडं आहे आणि त्याला दर वर्षी तेल लागतं. उरलेला मुलामा अजून टिकून आहे. मी न्हाणीत बसत नाही, आत बसत नाही, ओटीवर बसते, रस्त्याकडे तोंड करून. आजही बसले होते. समोरच्या घरी नव्याने राहायला आलेली बाई कौतुकाने जवळ आली. म्हणाली, किती सुंदर आहे हो, चांदीची का?

लोखंडाची आहे, मी म्हणाले, माझ्या वडिलांनी दिली.

ती अजून उभी होती. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. आप्पांनी ते भर आळीत, पगडी काढून, ज्याला त्याला सांगितलं होतं. मी चिंधीला पुन्हा तेल लावलं आणि मान खाली घातली. 'चांदीची म्हणून', एवढे दोन शब्द मला अजून म्हणता येत नाहीत.